डिफरन्समध्ये १४० ओतणाऱ्यांसाठी चार शब्द



परवा वाडेगव्हाण फाट्यावर चहाला थांबलो होतो. शेजारच्या गावातलं एक पोरगं भेटलं. जुना सहाचाकी टेम्पो घेतलाय, कांद्याची भाडी मारतंय. मोठ्या कौतुकानं सांगत होतं, "काका, मागचा डिफरन्स लई ओरडत होता. मेस्त्रीनं नव्वद काढून एकशे चाळीस टाकलं. आता एकदम गप. आवाजच नाय." चार माणसं माना डोलवत होती. एकजण म्हणाला, "आपल्या लोडला जाड तेलच पाहिजे बाबा." मी तिथं बोललो नाही. चारचौघांत पोराला खाली बघायला लावणं बरं नव्हं. पण घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना, कारण सात-आठ वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोललो होतो, अन् ते मला कितीला पडलं ते वहीत लिहिलेलं आहे. म्हणून आज पिकावर काही नाही. आज ऑईलवर.

आधी माझं सांगतो, मग तुम्ही काय ते ठरवा.

माझ्या टेम्पोला त्यावेळी मागून गुणगुण सुरू झाली होती. चाळीस-पन्नासच्या स्पीडला पाय उचलला की हूंऽऽ असा आवाज. आमच्या नेहमीच्या मेस्त्रीनं खाली वाकून बघितलं, हात लावून बघितला अन् म्हणाला, "काही नाही, तेल पातळ पडतंय. एकशे चाळीस टाकू." टाकलं. आवाज निम्म्यावर आला. मी खूश, मेस्त्री खूश. आठ महिने गाडी चालली. श्रावणात चाळीतला कांदा भरला, नव्वद गोणी, वाशीला निघालो. गाडीच्या कागदावर जेवढं वजन लिहिलंय त्याच्यावर टनभर जास्तच होतं, हे पण कबूल करतो. शिरूर गेलं, शिक्रापूर गेलं, चाकणच्या अलीकडं मागून कडकड आवाज आला अन् गाडी जागेवर. इंजिन चालू, गिअर पडतोय, चाक फिरत नाही. रात्रीचे साडेअकरा, वर पाऊस.

तिथल्या मेस्त्रीनं सकाळी डिफरन्स उतरवला. पिनियनचं पुढचं बेअरिंग पार उखडलेलं. रोलरवर खड्डे, नट ढिला. पिनियन जागा सोडून हलला अन् क्राऊनचे दात चावून टाकले. त्या मेस्त्रीनं मला एकच गोष्ट विचारली, "आवाज कधीपासून येत होता?" म्हणालो, आठ महिन्यांपूर्वी येत होता, मग बंद झाला. तो हसला. म्हणाला, "बंद नव्हता झाला, तुम्ही त्याच्या तोंडावर गोधडी टाकली." त्यावेळी बेअरिंग बदललं असतं तर दोन-अडीच हजारात भागलं असतं. आता क्राऊन-पिनियनचा सेट, सगळी बेअरिंगं, सील, मजुरी, शिवाय माल दुसऱ्या गाडीत भरायची हमाली अन् त्या गाडीचं भाडं. वहीत बेरीज छत्तीस हजारांच्या वर आहे. बाजार एक दिवस चुकला अन् भिजलेल्या वीस-बावीस गोणी कवडीमोल गेल्या, ते त्यात धरलेलं नाही.

अन् हे सरळ रस्त्यावर झालं म्हणून आज लिहायला बसलोय. थोडं पुढं बोरघाटाच्या उतारात झालं असतं तर? वर लोड, खाली उतार, गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिनावर रोखलेली, अन् तेवढ्यात मागचे दात तुटले तर इंजिनाचा ब्रेक गेला. मग सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर. त्यादिवशी माझ्या शेजारच्या सीटवर माझा पोरगा होता.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं एक समजूत पक्की बसलीय: जाड तेल म्हणजे ताकदीचं तेल. नव्वदपेक्षा एकशे चाळीस भारी, कारण आकडा मोठा. हीच समजूत युरियाची होती. टाकला की पीक हिरवंगार दिसतं, म्हणून अजून एक गोणी टाका. हिरवं दिसणं वेगळं अन् माल येणं वेगळं, हे कळायला आपल्याला अर्धं आयुष्य लागलं. तेलाचं पण तसंच आहे. गाडी गप होणं वेगळं, अन् गाडी दुरुस्त होणं वेगळं.

हा आकडा ताकदीचा नाहीच मुळी. तो तेल किती दाट वाहतं याचा आहे. अन् त्याची पण गंमत बघा. इंजिनात आपण १५ डब्ल्यू ४० टाकतो, डिफरन्समध्ये ९०. कोणालाही वाटंल की गिअर ऑईल दुपटीनं जाड. तसं नाही. इंजिन ऑईलची फूटपट्टी वेगळी, गिअर ऑईलची वेगळी. १०० अंश तापमानाला मोजलं तर ४० नंबरचं इंजिन ऑईल साडेबारा ते १६.३ सेंटिस्टोकच्या मधे बसतं, अन् ९० नंबरचं गिअर ऑईल साडेतेरा ते साडेअठराच्या मधे. म्हणजे गरम झाल्यावर दोघं जवळजवळ शेजारी. आता १४० बघा: २४ ते साडेबत्तीस. आपण समजतो नव्वदवरून एकशे चाळीस म्हणजे दीडपट. प्रत्यक्षात मधला आकडा धरला तर पावणेदोन पट. गाडी बनवणाऱ्यानं जे ठरवलंय त्याच्या पावणेदोन पट दाट तेल आपण चहा पीत-पीत ओतून मोकळे होतो.

मग त्यानं बिघडतं काय? डिफरन्समध्ये पंप नसतो. निदान आपल्या टेम्पो-पिकअपमध्ये नसतो. खाली तेल साचलेलं असतं, क्राऊनचं मोठं चाक त्यात बुडून फिरतं अन् तेल वर उडवतं. ते उडालेलं तेल आतल्या खाचेतून पुढं जाऊन पिनियनच्या बेअरिंगला मिळतं. पाटानं पाणी शेवटच्या वाफ्याला पोचावं तसं. पाणी पातळ आहे म्हणून पोचतं. पाटात काकवी सोडली तर शेवटचा वाफा कोरडा राहील का नाही? आपण कांदा भरून निघतो पहाटे तीन-चारला. जानेवारीत पारनेर तालुक्यात पारा आठ-दहावर असतो, कधी त्याच्याही खाली. अशा थंडीत १४० नंबरचं तेल काकवीसारखंच असतं. पहिले काही किलोमीटर पुढच्या बेअरिंगला तेल पुरेसं पोचत नाही, अन् माझं नेमकं तेच बेअरिंग गेलं. शिवाय दाट तेल घुसळायला ताकद लागते, ती डिझेलमधून जाते, अन् घुसळून उष्णता वाढते ती वेगळीच. घरी ताक घुसळणाऱ्या बाईला विचारा, पातळ घुसळणं सोपं का दाट.

उलटं पण खरं आहे, ते लपवत नाही. गरजेपेक्षा पातळ तेल लोडमध्ये, मे महिन्याच्या उन्हात, दातांच्या मधून निसटतं अन् लोखंड लोखंडाला घासतं. म्हणून जड टिपर, मोठे ट्रेलर, खाणीतल्या गाड्या यांना काही कंपन्या स्वतःच ८५ डब्ल्यू १४० सांगतात. तिथं तेच टाकायचं, तिथं नव्वद टाकणारा चूक. माझं भांडण एकशे चाळीसशी नाही. पुस्तक न उघडता कानानं नंबर ठरवतात, त्याच्याशी आहे.

डब्ल्यूचं पण सांगून टाकतो, दुकानात त्यावरून लई गोंधळ होतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा, मागचा आकडा गरम झाल्यावरचा. खोबरेल तेल थंडीत थिजतं अन् उन्हात पाणी होतं, तसाच प्रकार. ८५ डब्ल्यू म्हणजे उणे १२ अंशापर्यंत तेल ठरलेल्या मर्यादेत वाहील, ८० डब्ल्यू उणे २६ पर्यंत, ७५ डब्ल्यू उणे ४० पर्यंत. राळेगणला काही बर्फ पडत नाही. त्यामुळं नुसत्या थंडीसाठी कोणी महागडं ७५ डब्ल्यू गळ्यात मारत असंल तर नमस्कार करा. पण काही नव्या गाड्यांच्या पुस्तकात कंपनीच ७५ डब्ल्यू ९० सिंथेटिक सांगते, डिझेल वाचावं अन् तेल जास्त किलोमीटर टिकावं म्हणून. तिथं मात्र पैसे वाचवू नका.

आता खरी गोष्ट. नव्वद का एकशे चाळीस यावर आपण तासभर भांडतो, अन् डब्यावर त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं ते वाचतच नाही. जीएल-४ का जीएल-५. माझ्या मते नंबराच्या आधी हे बघायला पाहिजे.

क्राऊन अन् पिनियन हे साधे गिअर नाहीत. बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा खाली बसवलेला असतो. त्याला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटारीत हे आलं, त्यामुळं गाडीचा शाफ्ट खाली गेला, दातही जास्त ताकदीचे झाले. पण त्याची किंमत अशी की दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबाखाली घसरतात. आपण खुरप्याला धार लावताना जसं घासतो तसं. एवढ्या दाबात कुठल्याही जाडीच्या तेलाचा थर टिकत नाही, तो निसटतोच. तिथं काम करतं ते तेलात मिसळलेलं औषध. ते औषध काय, तर गंधक अन् स्फुरद! आपण पिकाला देतो तेच, फक्त वेगळ्या रूपात. दात तापला की गंधक लोखंडाशी धरून एक पातळ थर तयार करतो. घासला जातो तो थर, दात नाही. ईपी-९० मधला ईपी हाच. डबा उघडल्यावर उग्र वास येतो तो याचाच. भुरीसाठी गंधकाची धुरळणी केलीय त्याला नाकाला ओळख पटंल.

हायपॉइड डिफरन्सला जीएल-५ लागतं. जीएल-४ मध्ये हे औषध साधारण निम्मं असतं. म्हणजे जीएल-४ चं १४० टाकलं तर तेल जाड झालं, पण औषध कमी झालं. बाटलीत पाणी जास्त अन् औषध कमी घालून फवारणी केली, अन् फेस चांगला आला म्हणून खूश झालो, असं ते आहे.

मग सगळीकडं जीएल-५ टाकून मोकळं व्हावं का? नाही. पुढचा गिअरबॉक्स वेगळा आहे. त्यात गिअर टाकताना जुळवून घेणारी पितळी कडी असतात. गंधकाचं अन् पितळेचं जमत नाही, देवघरातलं पितळ काळं पडतं ते बघितलंय आपण. जुन्या गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलेलं असताना तिथं जीएल-५ ओतलं, की कालांतरानं ती कडी खराब होतात, गिअर पडताना घर्रर्र करायला लागतो. अन् आपल्याकडं होतं काय? एकाच ड्रममधून, एकाच मापानं, पुढं पण तेच अन् मागं पण तेच. "नव्वद द्या" म्हणायचं अन् सुटं घेऊन यायचं, प्लास्टिकच्या कॅनमध्ये. त्या ड्रमवर काय लिहिलंय ते विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्यानं विचारलं नाही. बियाण्याची सुटी पिशवी दिली तर आपण कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करतो. टॅग मागतो, लॉट नंबर मागतो. अन् पाच-सात लाखाच्या गाडीत बिननावाचं तेल.

आमच्या गावचे अण्णा हजारे फौजेत ट्रकचे ड्रायव्हर होते, १९६५ च्या लढाईत खेमकरण भागात होते, हे सगळ्यांना माहीत आहे. फौजेची आठवण यासाठी काढली की ही जीएल-५ ची पातळी अमेरिकी फौजेच्या एमआयएल-एल-२१०५ या मालिकेशी जुळवलेली आहे. काही डब्यांवर अजून तो नंबर छापलेला असतो. लढाईतल्या ट्रकचं तेल कोणाच्या अंदाजावर सोडत नाहीत, कागदावर लिहून ठेवतात. आपला कागद म्हणजे गाडीचं पुस्तक, जे आपण गाडी घेतल्याच्या दिवशी प्लास्टिकसकट कपाटात टाकतो.

आता समोरच्याचं पण ऐकू. मला नेहमी तीन गोष्टी ऐकवतात. पहिली, "आमची गाडी दहा वर्षं एकशे चाळीसवर चाललीय, काय झालं?" चाललीय ना, चांगलं आहे. माझे एक चुलते रोज दोन बंडल बिड्या ओढून ऐंशी वर्षं जगले. दुसरी, "मेस्त्री काय येडा आहे का?" बिलकूल नाही. मेस्त्रीच्या हातात जे कसब आहे ते माझ्या सात पिढ्यांत नाही. पण गिऱ्हाईक त्याला म्हणतं, "आवाज बंद कर, खर्च कमी सांग." तो आवाज बंद करून देतो. त्यानं बेअरिंगचा खर्च सांगितला असता तर मीच दुसऱ्या मेस्त्रीकडं गेलो असतो, हे मला माहीत आहे. दोष वाटून घ्यायचा तर निम्मा माझ्याकडं येतो. तिसरी गोष्ट, "लोड लई असतो, म्हणून जाड लागतं." ही मला जास्त टोचते. अडीच टनाच्या गाडीवर पाच टन टाकायचे अन् त्याचं उत्तर तेलाच्या डब्यात शोधायचं. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपले आजोबा जोतं सोडायचे, खांद्याला तेल चोळून परत औताला जुंपत नव्हते. आमच्या आजोबांच्या गाडीखाली एरंडेलाचं वंगण भरलेलं नळकांडं टांगलेलं असायचं. चाक कुरकुरलं की थांबायचे, चाक काढून बघायचे, मगच वंगण. बघणं आधी.

म्हणून आवाज आला तर आधी आवाज कधी येतो ते बघा. रेस देताना येतो, का पाय उचलल्यावर, का फक्त वळणावर? पाय उचलल्यावर येत असंल तर पिनियनच्या बेअरिंगवर पहिला संशय घ्या. वळणावर येत असंल तर आतले लहान गिअर, नाहीतर चाकाचं बेअरिंग. मेस्त्रीला नुसतं "ओरडतंय" म्हणू नका, हे सांगा. त्याचं निम्मं काम होतं.

मग तेल उतरवून बघा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची, तेल गरम असताना सोडायचं. अन् एक गोष्ट विसरू नका, आधी वरचा भरायचा बोल्ट उघडून घ्या, मगच खालचा. एकानं आधी खालचा खोलला, सगळं तेल सोडलं, अन् वरचा गंजून बसलेला, निघेना. दोन दिवस गाडी शेतात उभी. (तो एक कोण ते विचारू नका.) सोडलेलं तेल उन्हात धरून बघायचं. बोल्टच्या चुंबकाला राखाडी मलमासारखं चिकटलेलं असंल तर ते चालतं. बोटाला टोचणारे कण असतील तर गाडी बाहेर काढू नका. ताकासारखं पांढरट असंल तर पाणी शिरलंय. आपण ओढ्यातून गाडी घालतो, प्रेशरनं धुतो, तिथून जातं ते.

वर हवा जायची एक बारीक नळी असते, ब्रीदर. ती चिखलानं बुजली की आत दाब वाढतो अन् तेल सीलमधून बाहेर येतं. लोक सील बदलतात, परत गळतं, मग म्हणतात "पातळ तेल आहे म्हणून गळतंय, एकशे चाळीस टाका." चार आण्याचं काम, तारेनं साफ करायचं.

तेल भरायचं ते गाडी सपाट जागी उभी करून, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. बोट घातलं की लागलं पाहिजे, बस्स. जास्त भरलं तर फेस होतो अन् शेवटी ते ब्रेकच्या लायनरवर जातं.

ट्रॅक्टरवाल्यांनी यातलं काही परस्पर उचलू नका. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला मागच्या हाउसिंगमध्ये यूटीटीओ नावाचं तेल लागतं. गिअर, हायड्रॉलिक, ब्रेक सगळं त्याच तेलावर. तिथं डिफरन्सचं ईपी-९० ओतलं तर ब्रेक कचकचतात, नीट धरत नाहीत. उसाची ट्रॉली मागं असताना ब्रेक धरला नाही तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टरचं वेगळं लिहीन.

माझ्या गाडीला पुस्तकात ८० डब्ल्यू ९०, जीएल-५ आहे. क्राऊन-पिनियन नवीन टाकल्यापासून तेच टाकतोय, बंद डब्यातलं, सील बघून. नवीन सेट टाकल्यावर पहिलं तेल लवकर बदललं, कारण नवे दात एकमेकांत बसताना कीस सोडतात. ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर पांढऱ्या पेंटनं लिहून ठेवलंय: मागं काय, गिअरबॉक्सला काय, किती लिटर, कोणत्या किलोमीटरला बदललं. त्याचा फोटो खाली टाकलाय. अक्षर पोराचं आहे, माझं एवढं चांगलं नाही.

ज्यांचं पुस्तक हरवलंय त्यांनी गाडीचं मॉडेल अन् साल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, सांगतात. अन् फाट्यावरच्या त्या पोराला कोणी ओळखत असंल तर त्याला माझा निरोप द्या: पुढचा फेरा भरायच्या आधी पिनियनचं बेअरिंग बघून घे. बुधवारी मी दिवसभर रानातच आहे, गाडी घेऊन आला तर आपण दोघं मिळून खाली वाकू.